रिकाम्या काट्याचे शून्य

एप्रिलमध्ये सुरगाण्यात रात्री नऊच्या सुमारास वीज गेली की आभाळ एकदम जवळ येते. पूर्वेला डोंगरावर सापुताऱ्याचे दिवे तेवढे लुकलुकत राहतात, बाकी सगळा काळोख. गेल्या एप्रिलमधल्या अशाच एका रात्री मी वॉर्डाबाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारी एक बाप बसला होता. त्याची वर्षाची मुलगी वजन वाढत नाही म्हणून आमच्याकडे दाखल होती. कुटुंब नुकतेच निफाडकडच्या द्राक्षबागांतले काम संपवून पाड्यावर परतले होते.

आग्नेयेकडे एक पांढरा तेजस्वी तारा वर आला होता. त्याने विचारले, "दाक्तर, तो कोनचा?" मी म्हणालो, "चित्रा." तो लगेच म्हणाला, "चित्रा म्हंजे भात कापनीच्या वक्ताचा पाऊस. वाईट." मग मी त्याला सांगितले, की अवकाशात एक यान सोडले होते. अकरा वर्षे ते फक्त ताऱ्यांच्या जागा आणि त्यांचे तेज मोजत होते. जवळजवळ दोनशे कोटी तारे मोजून झाले, आणि आता ते बंद केले आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यानं आमच्या पोरीचं वजन वाढंल का?"

मी म्हणालो, "नाही, दादा."

उत्तर खरे होते, पण अपुरे होते. ताऱ्यांच्या मोजणीने कोणाच्या ताटात भाकरी पडत नाही, आणि ती पडते असे भासवणारे लेख मला आवडत नाहीत. तरीही त्या यानाने मोजणी कशी केली, आपल्या चुका कशा शोधल्या आणि त्यांचे पुढे काय केले, यात आमच्या वॉर्डातल्या वजनकाट्यासाठी फार मोठा धडा आहे, असे माझे मत आहे. तीस वर्षे सरकारी नोकरीत काढल्यावर, आणि एक चूक स्वतः केल्यावर, ते झाले आहे.

सुरुवात त्या चित्रेपासूनच करू. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने चित्रेची जागा मोजली. ती शरद संपातापासून, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य ज्या बिंदूवर असतो त्यापासून, सुमारे ६ अंश अलीकडे होती. त्याच्या दीडेकशे वर्षे आधी टिमोकॅरिस याने तीच मोजणी करून ठेवली होती. त्यात अंतर ८ अंश होते. दोघांत दोन अंशांचा फरक. हिपार्कसने जुन्या माणसाची मोजणी चुकीची ठरवून फेकून दिली नाही. दोन्ही खरी मानली आणि निष्कर्ष काढला, की संपातबिंदूच हळूहळू सरकतो आहे. आज आपण त्याला अयनचलन म्हणतो. त्याचा वेग ७२ वर्षांत सुमारे एक अंश. आज चित्रा शरद संपाताच्या २४ अंश पलीकडे आहे. अलीकडचे ६ आणि पलीकडचे २४ मिळून ३० अंश. त्याला ७२ ने गुणले की २,१६० वर्षे. हिपार्कसपासून आजपर्यंत साधारण तेवढाच काळ लोटला आहे. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही हा हिशेब पडताळावा.

महाराष्ट्रात याच चित्रेवरून मोठा वाद झाला. आपल्या पंचांगात राशी-नक्षत्रांची मोजणी कुठल्या तरी एका स्थिर बिंदूपासून करावी लागते. तो बिंदू कोणता? शं. बा. दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात या विषयाचा सारा इतिहास मांडला. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू शून्य मानावा, हा पक्ष घेतला. लोकमान्य टिळकांच्या नावाने चालणाऱ्या पंचांगात शून्य धरतात रेवतीच्या एका मंद ताऱ्यापासून. या दोन शून्यांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगाची मकर संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते. काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो आणि कोकणातल्या काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतो. दोन्ही बाजूंचे गणित बरोबर, ताऱ्यांची मोजणीही बरोबर. फरक आहे तो फक्त शून्य कुठे धरायचे याचा. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि राष्ट्रीय पंचांगासाठी चित्रेला धरून शून्य ठरवले गेले. आमचा शेतकरी ७-८ जूनला मृग लागला म्हणतो, तेही चित्रेवरून ठरलेल्या शून्यापासूनच.

मोजमापात शून्य चुकले की पुढचे सगळे आकडे एकाच बाजूला चुकतात. गंमत अशी, की ते एकमेकांशी अगदी जुळतात. त्यामुळे चूक दिसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता कोन किती बारीक मोजायचा, ते पाहू. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर ६/६ची जी ओळ असते, तिच्यातल्या अक्षराची प्रत्येक रेघ सहा मीटरवरून एक कला एवढी दिसते. म्हणजे निरोगी डोळ्याची क्षमता साधारण एक कला. लग्नात नवरा-नवरीला वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवतात. त्या दोन ताऱ्यांमध्ये सुमारे १२ कला अंतर आहे, म्हणून ते जमते.

ताऱ्याचे अंतर काढायला मात्र विकलेपेक्षा बारीक कोन लागतो. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसेल. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या एका बाजूला आणि जुलैत दुसऱ्या बाजूला असते. हे आपले दोन डोळे. सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले की जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांवर किंचित सरकलेला दिसतो. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. तो जितका लहान, तितका तारा दूर. १८३८ मध्ये बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पॅरलॅक्स पहिल्यांदा मोजला. तो एका विकलेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. एक विकला म्हणजे किती? दहा रुपयांचे नाणे साडेपाच किलोमीटरवर धरले तर जेवढे दिसेल, तेवढी.

जमिनीवरून इतके बारीक मोजताना आड येते ती हवा. हवेचे थर हलतात, त्यामुळे तारे लुकलुकतात. कवींना ते आवडते. मोजणाऱ्याला मोतीबिंदू झालेल्या डोळ्याने पाहिल्यासारखे वाटते. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर बसवली, ती शहराच्या प्रकाशापासून दूर जाण्यासाठी. पण डोंगरावरही डोक्यावर हवा असतेच. म्हणून ही मोजणी अवकाशात न्यावी लागली.

पहिला प्रयत्न युरोपीय अवकाश संस्थेचा. ८ ऑगस्ट १९८९ रोजी त्यांनी 'हिप्पार्कोस' हा उपग्रह सोडला. नाव जुन्या हिपार्कसची आठवण म्हणून. तो ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही, कारण त्याला वर नेणारी मोटर पेटली नाही. लांबट, चुकीच्या कक्षेत तो अडकला. अपुऱ्या साधनांत काम करणाऱ्या कुठल्याही सरकारी डॉक्टरला पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. लोकांनी कामाची पद्धत बदलली, जास्तीची केंद्रे जोडली आणि १९९३ पर्यंत त्याच उपग्रहाकडून काम करून घेतले. १९९७ मध्ये १,१८,२१८ ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. अचूकता विकलेच्या हजाराव्या भागाच्या आसपास.

आणि त्या उत्तम यादीतही एक खोट निघाली. कृत्तिका हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा तारकापुंज. हिप्पार्कोसने त्याचे अंतर ३९० प्रकाशवर्षांच्या जवळपास दिले. इतर पद्धतींनी ते ४३० ते ४४० येत होते. फरक साधारण दहा टक्क्यांचा. वाद अनेक वर्षे चालला. २०१४ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी, म्हणजे पूर्ण वेगळ्या साधनाने मोजले, तेव्हा अंतर ४४४ प्रकाशवर्षांच्या आसपास आले. पुढच्या यानानेही तेच सांगितले. सर्वोत्तम काटा एका जागी चुकला होता, आणि ते कळले दुसऱ्या, वेगळ्या काट्यामुळे.

ते पुढचे यान म्हणजे 'गाया'. मी त्या बापाला सांगत होतो ते हेच. १९ डिसेंबर २०१३ रोजी ते निघाले आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन स्थिरावले. त्यात दोन दुर्बिणी होत्या. त्यांच्यातला कोन १०६.५ अंश. दोन्हींचा प्रकाश १०६ चकत्यांच्या, जवळजवळ शंभर कोटी बिंदूंच्या एकाच कॅमेऱ्यावर पडे. यान संथपणे स्वतःभोवती फिरत राही आणि सारे आकाश पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोरून सरके. एकेक तारा काही वर्षांत डझनावारी वेळा मोजला गेला. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या यादीत १८० कोटींहून जास्त ताऱ्यांची जागा आणि तेज आहे, आणि त्यांपैकी सुमारे १४६ कोटींचा पॅरलॅक्स. तेजस्वी ताऱ्यांसाठी अचूकता विकलेच्या दहालाखाव्या भागात मोजायची झाली तर सुमारे २०. आपले दहा रुपयांचे नाणे आता चंद्राच्या वाटेवर पाऊण अंतर पार करून गेले. १५ जानेवारी २०२५ रोजी गायाने शेवटची मोजणी केली, मार्चमध्ये ते कायमचे बंद केले. सारा डेटा हाती आला असला तरी हिशेब चालू आहे. चौथी यादी डिसेंबर २०२६ मध्ये देण्याचे नियोजन आहे.

एकच तारा इतक्या वेळा का मोजायचा? कारण ताऱ्याच्या दोन हालचाली एकात एक मिसळलेल्या असतात. पृथ्वी फिरते म्हणून तारा वर्षातून एकदा झोका घेतल्यासारखा डावीकडे-उजवीकडे होतो. शिवाय तो स्वतः आकाशगंगेत एका दिशेने चालत असतो. एकाच मोजणीतून यांतले काहीच कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजले तर जागा बदललेली दिसते, पण झोका किती आणि चाल किती हे सांगता येत नाही. अनेक वर्षे, अनेक वेळा मोजले की झोका वेगळा निघतो आणि चाल वेगळी.

सुरगाण्यात हे वाक्य मी रोज जगतो. आमच्याकडे पावसाळ्यात मुलांची वजने घसरतात. घरातले धान्य संपलेले, आई-बाप लावणीत, जुलाब आणि ताप घरोघर. दिवाळीनंतर नागली-भात घरात आला की ती सावरतात. हा वर्षाचा झोका. पण काही मुलांचा झोका चालू असतानाच त्यांची रेषा हळूहळू खाली सरकत असते. ही चाल. ऑगस्टमधल्या एका वजनावरून दोन्ही मुले सारखीच दिसतात. वेगळी कळतात ती महिन्याला एक असे बारा ठिपके तक्त्यावर पडले तर. आणि आमचे बारा ठिपके पडत नाहीत. दिवाळीनंतर कुटुंब दिंडोरी-निफाडच्या बागांत किंवा गुजरातेत जाते, तक्त्यावर चार-पाच महिने कोरे राहतात. माझ्या मते स्थलांतरित मुलांचे वजन जिथे काम तिथे होऊन ते गावच्या तक्त्यावर उतरणे, हे जिल्ह्यातले पहिल्या क्रमांकाचे आरोग्यकाम आहे.

तेजाकडे वळू. ताऱ्याचे तेज 'प्रत' या मापात सांगतात. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा जेमतेम दिसणारा. गायाने विसाव्या प्रतीपर्यंतचे तारे मोजले. सुरुवातीच्या काळातच एक अडचण आली. तारे हळूहळू मंद होताना दिसू लागले. सगळेच तारे एकाच वेळी मंद कसे होतील? यानातला पाण्याचा अंश आरशांवर गोठून त्याचा पातळ थर बसला होता. आरसे गरम करून तो घालवावा लागला, तोही एकापेक्षा जास्त वेळा. इथे शिकण्यासारखे हे, की सगळे रुग्ण एकाच दिवशी एकाच बाजूला बिघडलेले दिसले, तर आधी यंत्र तपासावे.

हे भान आपल्याकडेही आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने 'ॲस्ट्रोसॅट' ही भारताची अवकाश वेधशाळा सोडली. तिच्या उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुकाचा मोठा वाटा आहे. तिच्यावरची अतिनील दुर्बीण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने आयुका आणि कॅनडाच्या सहकार्याने तयार केली. अतिनील किरणांतले ताऱ्यांचे तेज जमिनीवरून मोजताच येत नाही. जो ओझोन आपली त्वचा आणि डोळे वाचवतो, तोच ते किरण वर अडवतो. या दुर्बिणीने काम सुरू केल्यावर आधी ज्याचे तेज पक्के माहीत आहे अशा एका श्वेत बटू ताऱ्यावर तिचे माप लावून पाहिले गेले, आणि ते निकाल प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये तिचा एक पट्टा बंद पडला, तेही जाहीर झाले, आणि उरलेल्या पट्ट्यांवर काम चालू राहिले. २०२० मध्ये आयुकाच्या कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने याच दुर्बिणीतून ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश टिपल्याचे दाखवले. इतक्या अंधुक प्रकाशावर जगाने विश्वास ठेवला, कारण माप आधी तपासलेले होते.

आता शून्याकडे येतो. गायाचे शून्य बरोबर आहे हे कसे कळणार? शास्त्रज्ञांनी क्वेसार निवडले. ते इतके दूर आहेत, की त्यांचा पॅरलॅक्स व्यवहारात शून्यच यायला हवा. म्हणजे ज्याचे वजन शून्य आहे हे आधीच माहीत आहे, अशी वस्तू काट्यावर ठेवायची. लाखो क्वेसार मोजले, आणि उत्तर शून्य आले नाही. २०१८ च्या दुसऱ्या यादीत विकलेच्या दहालाखाव्या भागात सुमारे उणे २९, तिसऱ्या यादीत सुमारे उणे १७. काटा किंचित कमी दाखवत होता. ही गोष्ट त्यांनी स्वतः शोधली, यादीबरोबरच छापली, ती दुरुस्त कशी करायची याचे सूत्र दिले, आणि प्रत्येक ताऱ्याच्या आकड्यापुढे त्याची संभाव्य चूकही लिहिली. डेटा पहिल्या दिवसापासून सगळ्या जगाला फुकट. सुरगाण्याच्या शाळेतल्या मुलालाही.

१७ ही चूक नगण्य वाटते. ३,२६० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यासाठी ती दोन टक्क्यांहून कमी भरते. पण दहापट दूरच्या ताऱ्याचा पॅरलॅक्स दहापट लहान. तिथे तीच चूक १७ टक्के होते. शून्याची चूक मोठ्या आकड्याला फारसे काही करत नाही. लहान आकड्याचा मात्र घात करते.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीची वर्षे, जिल्हा दुसरा, गावाचे नाव सांगत नाही. टांगत्या काट्याला झोळी बांधून मुलांची वजने घेतली जात. पद्धत अशी, की आधी झोळी टांगायची, मग काट्याचे शून्य करायचे आणि मग मूल ठेवायचे. तिथे शून्य झोळीशिवाय केलेले होते. झोळी जाडजूड कापडाची, पावसात ओली. मी भेटीला जायचो, नोंदवही पाहायचो, सही करायचो. आकडे सुबक होते, महिन्यामागून महिना एकमेकांशी जुळणारे. एका चौदा महिन्यांच्या मुलीचे वजन ७.८ किलो लिहिले होते. त्या वयाच्या मुलीसाठी कमी वजनाची रेघ ७.४ वर आहे, म्हणून ती ठीक या रकान्यात. दोन आठवड्यांनी ती न्यूमोनियाने दाखल झाली, तेव्हा वजन भरले ७.२. आजारात थोडे घटले असेल म्हणून मी सोडून दिले असते. पण दुसऱ्या दिवशी त्या गावी गेलो आणि नुसती झोळी टांगून पाहिली. काटा अर्धा किलो दाखवत होता.

ती मुलगी वाचली नाही. काट्यामुळे गेली असे मी म्हणत नाही. न्यूमोनियाने गेली. पण कुपोषित मुलाला न्यूमोनिया जास्त जड जातो, हे प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे, आणि तिला आधीचे तीन महिने जो जास्तीचा आहार आणि घरभेटी मिळायला हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. कारण कागदावर ती ठीक होती, आणि त्या कागदावर माझी सही होती. अर्धा किलोची चूक सत्तर किलोच्या माणसात एक टक्काही भरत नाही. सात किलोच्या बाळात ती सात टक्के होते.

आज काटे डिजिटल आले आहेत. आकडा दोन दशांशांपर्यंत दिसतो आणि थेट मोबाइलमध्ये जातो. त्याने एक नवा धोका आणला आहे: बारीक आकडा म्हणजे बरोबर आकडा असे वाटू लागते. ७.८३ असे दिसले की कोणी शंका घेत नाही. पण शून्य चुकले असेल तर ७.८३ हा ७.८ इतकाच चुकीचा असतो.

म्हणून माझे म्हणणे चार साध्या गोष्टींचे आहे. पहिली, वजनाच्या दिवशी नोंदवहीची पहिली ओळ मुलाच्या नावाची नसावी, रिकाम्या काट्याची असावी: झोळीसकट किती दाखवतो ते लिहावे. दुसरी, ज्याचे वजन माहीत आहे असे काहीतरी ठेवून पाहावे. प्रमाणित वजन नसेल तर एक किलोच्या मिठाच्या पाच पुड्या चालतील. दुकानातल्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. साखरेची जेवढी काळजी घेतो तेवढी बाळाची घ्यावी. तिसरी, प्रत्येक मुलाचे वजन दोनदा घ्यावे, आणि दंडाचा घेर पट्टीने मोजावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल, तर काटा काहीही म्हणो, ते मूल तीव्र कुपोषित आहे. कृत्तिकांसाठी रेडिओ दुर्बिणींनी जे केले, ते इथे काही रुपयांची पट्टी करते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि तिला पैसा लागत नाही. जी अंगणवाडी सेविका लिहील की "आज काटा २०० ग्रॅम जास्त दाखवत होता", तिला विचारणा होऊ नये, शाबासकी मिळावी. खराब आकडा दाखवला की वरून प्रश्न येतात, ही भीती खाली सगळ्यांना असते, मलाही होती. भीतीने आकडे सुबक होतात. गायाच्या गटाने आपली चूक यादीबरोबर छापली आणि त्यामुळे त्यांच्या यादीवरचा विश्वास वाढला. तालुक्याच्या मासिक अहवालात "काट्यांची चूक" असा एक रकाना आला, तर कुपोषणाचा आकडा पहिल्या वर्षी कदाचित वाढेल. ती वाढ आम्हाला सहन करता आली पाहिजे, कारण ती मुले आजही तिथेच आहेत, फक्त वहीत नाहीत.

कोणी म्हणेल, हे सांगायला तारे कशाला हवेत, हे तर आमच्या प्रशिक्षणातच आहे. आहे, खरे आहे. मीही ते शिकलो होतो आणि तरी सही केली. नियम पाठ असणे वेगळे, आणि जगातल्या सर्वांत अचूक काट्याचे मालकसुद्धा आधी रिकामा काटा तपासतात हे कळणे वेगळे. त्याने मला माझ्या वॉर्डातला काटा तपासण्याची लाज वाटेनाशी झाली.

त्या रात्री यातले थोडेसे मी त्या बापाला सांगितले. क्वेसार वगैरे सांगितले नाही. एवढेच सांगितले, की ती माणसे आधी रिकामा काटा बघायची. सकाळी सिस्टर मुलीला वजनाला घेऊन आल्या तेव्हा तो मागोमाग आला आणि म्हणाला, "आधी खाली दाखवा." सिस्टरने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. पाळण्यात दुपटे अंथरले, शून्य केले, त्याला दाखवले, मग मुलीला ठेवले. दोनदा. आदल्या दिवसापेक्षा ४० ग्रॅम जास्त भरले.

त्याने विचारले, "खरे का?"

"खरे," मी म्हणालो. "पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे."